प्रतिभेचे लाड आता पुरे!

'कलावंत जन्मावा लागतो. तो घडवता येत नाही' हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येते, की त्याचा खरेखोटेपणा तपासून पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. संमेलनाचे अध्यक्ष ते गंभीरपणे म्हणतात, मुलाखतीत कवी ते लाजत लाजत म्हणतो, आणि पेटीच्या क्लासला दांडी मारून आलेल्या चिरंजीवांची बाजू घेताना घरची माउलीही म्हणते, "अहो, त्याच्यात उपजतच आहे ते! त्याला कशाला हवी सा-रे-ग-म-ची घोकंपट्टी?" वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. पण त्याच्या आडोशाला जेवढा आळस सुखाने नांदतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही वाक्याच्या आडोशाला नांदत नसेल. म्हणून या दिवाळीत, फराळाचे ताट समोर असताना, मी वाचकांना थोडे तिखट वाढण्याचे ठरवले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या उंबरठ्यापाशी थांबले. तेव्हा पदवीची तरफदारी करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. पदवी निराळी आणि अभ्यास निराळा. या दोहोंची गल्लत करण्यात आपल्या समाजातले दोन पक्ष सारखेच तरबेज आहेत. एक पक्ष पदवीलाच अभ्यास समजतो; दुसरा पदवीला नाक मुरडता मुरडता अभ्यासालाही मुरडून टाकतो. माझे भांडण दोघांशीही आहे, पण पहिला समाचार दुसऱ्या पक्षाचा.

या दुसऱ्या पक्षाचा एक आवडता साक्षीदार आहे. तो रशियाचा. एकोणिसाव्या शतकात सेंट पीटर्सबर्ग शहरात पाच तरुण एकत्र आले. त्यांत बालाकिरेव हा एकटाच संगीतावर पोट भरणारा. तोही विद्यापीठात गणित शिकायला गेलेला. क्यूई हा लष्करी इंजिनियर, किल्ले बांधण्याच्या शास्त्रातला जाणकार. मुसोर्गस्की हा राजाच्या खास पलटणीतला अधिकारी. बोरोदिन रसायनशास्त्रज्ञ. आणि पाचवा, वयाने सर्वांत लहान, आरमारातला अधिकारी निकोलाय अंद्रेयेविच रिम्स्की-कोर्साकोव. पाचांपैकी एकानेही संगीताच्या विद्यालयाची पायरी चढलेली नव्हती, आणि तरीही रशियाचे आधुनिक संगीत उभे राहिले ते मुख्यतः यांच्या खांद्यांवर. "बघा!" आमचे मित्र टाळी मागतात, "शिकले होते का कोणी?"

ठीक आहे. हा साक्षीदार आपण उलटतपासणीला घेऊ. पाचांपैकी तो आरमारातला अधिकारीच घेऊ. कारण त्याचे आयुष्य संपूर्ण ऐकले, तर हा खटला तिथेच निकालात निघतो.

रिम्स्की-कोर्साकोव घराणे जुन्या सरदारांचे. पिढ्यान् पिढ्या झारच्या लष्करात, आरमारात आणि कारभारात चाकरी केलेले. निकोलायचे वडील एका प्रांताचे गव्हर्नर होऊन निवृत्त झाले होते. काका आरमारात ॲडमिरल. थोरला भाऊ व्होइन हा निकोलायपेक्षा तब्बल बावीस वर्षांनी मोठा, पूर्वेकडच्या समुद्रांत जहाज घेऊन फिरलेला आणि पुढे आरमारी विद्यालयाचा संचालक झालेला. अशा घरात, तिख्विन नावाच्या लहानशा गावी, १८ मार्च १८४४ रोजी निकोलाय जन्मला. गावात मोठा मठ होता, मठातली भजने होती, खेड्यांतली लोकगीते होती. समुद्र मात्र जवळपास कुठेच नव्हता. तरी भावाच्या पत्रांनी आणि पुस्तकांनी पोराला असे वेड लावले, की समुद्र दृष्टीस पडण्याआधीच डोलकाठ्या, शिडे आणि दोरखंड यांची नावे त्याला तोंडपाठ होती. आईवडिलांनी पियानोही शिकवायला लावला होता. मुलाचा कान पक्का होता. पण सरदाराच्या मुलाने गाणेबजावणे हा धंदा म्हणून करावा, ही कल्पना त्या घरात कोणी स्वप्नातही केली नसती. १८५६ साली, बाराव्या वर्षी, तो राजधानीतल्या आरमारी विद्यालयात कॅडेट म्हणून दाखल झाला.

तिथे सुट्टीच्या दिवशी ऑपेराचे वेड लागले; कानिय नावाचा एक पियानो-शिक्षक मिळाला. भावाने पाहिले, की अभ्यासात हे विघ्न आहे. शिकवणी बंद झाली. कानिय भला माणूस. त्याने सांगितले, शिकवणी नसली तरी दर रविवारी येत जा, आपण दोघे मिळून वाजवू. याच कानियने १८६१ साली त्याला बालाकिरेवच्या पुढे नेऊन उभे केले. सतरा वर्षांचा कॅडेट आणि चोवीस वर्षांचा गुरू! बालाकिरेवला काहीही वाजवून दाखवावे, त्याने तत्काळ त्यातले वैगुण्य ओळखावे, असा त्याचा अधिकार. पण पायरीपायरीने काही शिकवावे हे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने या पोराला एकदम सिंफनी लिहायला बसवले. पोहायचे हात शिकवण्याऐवजी पाण्यात ढकलून द्यावे तसे.

सिंफनी अर्धवट असतानाच बोलावणे आले. १८६२ साली विद्यालयातून बाहेर पडताच त्याला 'अल्माझ' या क्लिपर जातीच्या जहाजावर नेमण्यात आले. जाऊ नये असे बालाकिरेवला वाटे. जावेच असे भावाला वाटे. भाऊ जिंकला. जवळजवळ तीन वर्षांची ती सफर. लंडनजवळ ग्रेव्हझेंडच्या बंदरात जहाज महिनोन् महिने पडून होते, तेव्हा सिंफनीचा संथ भाग लिहून त्याने टपालाने बालाकिरेवकडे पाठवला. १८६३ साली पोलंडमध्ये उठाव झाला. इंग्लंड-फ्रान्सशी युद्ध जुंपण्याचा रंग दिसू लागला. आपली जहाजे बाल्टिकमध्ये कोंडली जाऊ नयेत म्हणून झारने आरमाराचा एक ताफा अमेरिकेला धाडला. त्यात 'अल्माझ' होते. न्यूयॉर्क झाले, नायगाराचा धबधबा झाला, रिओ द जानेरो झाले, भूमध्य समुद्र झाला. आणि या सर्व प्रवासात संगीत? ते हळूहळू विझत गेले. आपण एक संगीताची आवड असलेले आरमारी अधिकारी होणार, यापलीकडे काही होणार नाही, अशी त्याची समजूत होऊन बसली. उपजत प्रतिभा काय ती त्याच्याजवळच होती. ती बोटीतून कुठे पळून गेली नव्हती. पण अभ्यास आणि सहवास यांवाचून प्रतिभा किती दिवस तग धरते, याचे उत्तर या सफरीने दिले आहे. आमच्या मित्रांनी ते टिपून ठेवावे.

१८६५ साली तो परतला. बालाकिरेवने पुन्हा धरले. वर्ष संपता संपता ती पहिली सिंफनी जाहीर कार्यक्रमात वाजली. टाळ्यांच्या गजरात रचनाकाराला बोलावले, तर आरमारी गणवेशातला एक एकवीस वर्षांचा पोरसवदा अधिकारी वाद्यवृंदापुढे येऊन उभा राहिला. लोक चकित झाले. साहजिकच आहे. पुढची सहा वर्षे हेच चालले. दिवसातून दोनतीन तास आरमाराच्या कचेरीत कारकुनी, आणि उरलेला वेळ संगीत. 'साद्को' आणि 'अंतार' या रचना झाल्या, पहिला ऑपेरा आकाराला आला. कौतुकही झाले. आमचे मित्र गोष्ट इथे थांबवतात. कारण त्यांच्या सोयीची गोष्ट इथेच संपते.

खरी गोष्ट इथे सुरू होते.

१८७१ साली सेंट पीटर्सबर्गच्या संगीत महाविद्यालयाला नवा संचालक आला. संस्थेत ताजे वारे खेळावे म्हणून त्याने सत्तावीस वर्षांच्या या अधिकाऱ्याला रचना आणि वाद्यवृंद-लेखन या विषयांचा प्राध्यापक म्हणून बोलावले. शिवाय विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाची जबाबदारी. मित्रांनी आग्रह केला. त्याने होकार दिला. नोकरी आरमाराचीच राहिली. गणवेश घालूनच तो वर्गावर जाऊ लागला.

आता हे प्राध्यापक महाशय काय जाणत होते? दुसऱ्या कोणाचे कशाला ऐकायचे! आपल्या आठवणींत त्याने स्वतःच त्याची यादी दिली आहे, आणि ती वाचून शिक्षकाच्या अंगावर काटा येतो. साध्या भजनाच्या चालीखाली स्वरांची योग्य जुळणी करणे त्याला येत नव्हते. काउंटरपॉइंट, म्हणजे दोनतीन स्वतंत्र चाली एकमेकींचा पाय न ओढता एकाच वेळी चालवण्याची विद्या, त्याने कधी केलीच नव्हती. स्वरांतरांची आणि स्वरसंघांची नावेसुद्धा धड ठाऊक नव्हती. वाद्यवृंदापुढे काठी घेऊन तो एकदाही उभा राहिला नव्हता. सिंफनी लिहिणारा माणूस, आणि बाराखडी कच्ची! आपला कान आणि आपली उपज यांच्या बळावर इथवर मजल मारली होती.

अशा जागी सापडलेला माणूस साधारणपणे काय करतो, ते आपण नित्य पाहतो. तो आवाज चढवतो. नियमांची टिंगल करतो. 'खरी कला पुस्तकात नसते' असे विद्यार्थ्यांना ऐकवतो; आणि विद्यार्थी खूश होतात, कारण त्यांनाही पुस्तक नकोच असते. रिम्स्की-कोर्साकोवला हे सहज साधले असते. त्याच्या पाठीशी नाव होते, मित्रमंडळी होती, आणि 'पुस्तकी विद्येने प्रतिभा करपते' हे तर त्या मंडळीचे ब्रीदच होते.

त्याने दुसरी वाट धरली. पहिले काही महिने मुलांपेक्षा एक धडा पुढे राहून त्याने वर्ग निभावला. आणि घरी येऊन तो विद्यार्थी झाला. स्वरमेळाची पुस्तके घेतली, काउंटरपॉइंटची घेतली, आणि शाळकरी पोराप्रमाणे वह्याच्या वह्या भरू लागला. एक-दोन महिने नव्हे, कित्येक वर्षे. १८७५ च्या एका उन्हाळ्यात त्याने साठाच्या आसपास फ्यूग लिहिले. फ्यूग म्हणजे काउंटरपॉइंटचा सर्वांत कठीण व्यायाम. आपल्या तालमीतल्या जोरांसारखा. त्यांतले दहा निवडून त्याने चायकोव्हस्कीकडे तपासायला पाठवले. चायकोव्हस्की रीतसर महाविद्यालयात शिकलेला; वयाने जवळजवळ बरोबरीचा; आणि या पाच जणांच्या कंपूत त्याच्याकडे काहीशा संशयानेच पाहत. अशा माणसापुढे स्वतः प्राध्यापक असताना वही धरायची! आपल्यापैकी किती मास्तर हे करतील? चायकोव्हस्कीने फ्यूग निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला, आणि अशा मानाच्या जागी बसूनही इतकी नम्रता टिकवणाऱ्या माणसापुढे आपण नतमस्तक आहोत, अशा आशयाचे पत्र लिहिले.

आणखी एक प्रसंग. १८७३ साली आरमाराने त्याच्यासाठी मुद्दाम जागा निर्माण केली: आरमारी बँडांचा निरीक्षक. तलवार आणि गणवेश गेला, मुलकी पद आले. बंदरोबंदरी जायचे, बँड ऐकायचे, साहित्य तपासायचे. निरीक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते ते मी लिहीत नाही. शाळेत नोकरी करणाऱ्याने काही गोष्टी लिहू नयेत. या निरीक्षकाने काय केले? त्या उन्हाळ्यात त्याने ट्राँबोन, क्लॅरिनेट, बासरी वगैरे वाद्ये मिळवली आणि स्वतः फुंकून पाहिली. कोणते बोट कुठे अडते, कोणता सूर कोणत्या वाद्याला जड जातो, श्वास कुठे तुटतो, हे त्याला हातांनी आणि फुफ्फुसांनी समजून घ्यायचे होते. शेजाऱ्यांनी काय सहन केले असेल ते देवाला ठाऊक! पण ज्या वाद्यरंगांसाठी पुढे साऱ्या जगाने त्याची वाहवा केली, त्या रंगांची पूड अशी खलात घालून कुटलेली आहे. ती काही आकाशातून पडलेली नाही.

मित्रांनी काय केले? जे आपल्याकडेही होते तेच. कालपर्यंत डोक्यावर घेणारे आता मान हलवू लागले. 'गेला बिचारा! पंतोजी झाला.' बालाकिरेवच्या घोळक्यात तो जवळजवळ धर्मभ्रष्ट ठरला. आणि इथे मला प्रतिपक्षाला एक गोष्ट न्यायाने द्यायलाच हवी. त्या वर्षांतल्या त्याच्या रचना खरोखरच कोरड्या आहेत. पुढे त्याला स्वतःलाही त्या फारशा रुचल्या नाहीत. चायकोव्हस्कीलाही पुढे शंका आली, की हा गृहस्थ थोर कलावंत होऊन बाहेर पडणार की काउंटरपॉइंटच्या गाळात कायमचा रुतणार? प्रश्न रास्त होता. अभ्यासात धोका आहे हे मी नाकारत नाही. औषधाचा कडूपणा काही दिवस जिभेवर राहतोच.

पण उत्तरही इतिहासाने दिले आहे. १८७७ साली त्याने शंभर रशियन लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. म्हणजे वहीतून मान वर काढून तो पुन्हा लोकांत गेला. १८८२ साली 'हिमकन्या' हा ऑपेरा रंगभूमीवर आला. त्यात विद्या कुठे संपते आणि गाणे कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. १८८७ साली 'स्पॅनिश काप्रिच्चिओ', १८८८ साली 'शहरजाद'. अरबी कथांतल्या त्या चतुर राणीच्या नावाचा हा वाद्यवृंद ज्यांनी ऐकला असेल, त्यांना त्यातला समुद्र आठवेल. लाटा उठतात, जहाज डोलते, खडकावर फुटते. तरुणपणी 'अल्माझ'वर पाहिलेला समुद्र कागदावर उतरायला मधे वीसपंचवीस वर्षे जावी लागली. समुद्र पाहिला तेव्हाच होता. तो लिहिण्याचे सामर्थ्य मागाहून कमवावे लागले.

हिंदुस्थानचा किनारा मात्र त्याने कधी पाहिला नाही. तरी त्याच्या 'साद्को' या ऑपेरात, जो १८९८ च्या आरंभी मॉस्कोत प्रथम झाला, नोवगोरोदच्या बाजारात एक हिंदी व्यापारी येतो आणि आपल्या देशाचे गाणे गातो. दगडी गुहांतले हिरे, समुद्रातले मोती, असा तो देश! ते गाणे स्वतंत्रपणे सगळ्या जगात गाजले. आमचा देश काही त्या गाण्यासारखा नाही, हे सांगायला नकोच. पण त्या चालीतली सुस्त, वळणावळणाने उतरणारी स्वरांची ओळ ऐकली, की ज्याने आपल्याला पाहिले नाही त्यानेही कान देऊन ऐकण्याचा यत्न केला होता एवढे तरी कबूल करावे लागते.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत धारदार हत्यार. ते म्हणतील, "आणि मुसोर्गस्की? तो कुठे वह्या भरीत बसला होता? त्याची प्रतिभा तर या तुमच्या पंतोजीहून मोठी!" खरे आहे. मोठीच होती. १८७१-७२ च्या हिवाळ्यात हे दोघे एका खोलीत राहत; पियानो एकच. दुपारपर्यंत मुसोर्गस्कीने वाजवायचे, मग रिम्स्की-कोर्साकोवने. शेजारी शेजारी दोन आयुष्ये. १८८१ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, दारूने पोखरलेला मुसोर्गस्की गेला. मागे राहिला हस्तलिखितांचा ढीग. काही अपुरी, काही नुसते आराखडे. 'खोवान्शचिना' हा त्याचा ऑपेरा पुरा कोणी केला? या पंतोजीने. १८८७ साली बोरोदिन गेला. त्याचा 'प्रिन्स ईगोर' कोणी पुरा केला? याच पंतोजीने, आपला शिष्य ग्लाझुनोव याला हाताशी घेऊन. स्वतःची कामे बाजूला सारून त्याने मित्रांची कामे उपसली. मुसोर्गस्कीच्या 'बोरिस गोदुनोव'ची त्याने जी नवी मांडणी केली तीत त्याने नको तितके 'शुद्धलेखन' केले, मित्राचा खडबडीतपणा हाच त्याचा प्राण होता हे त्याला पुरते उमगले नाही, असा आक्षेप आहे. आणि तो मला मान्य आहे. आज जग मुसोर्गस्कीच्या मूळ पाठाकडे वळले आहे, ते योग्यच झाले. पण वळायला मूळ पाठ आणि ऐकायला श्रोता शिल्लक राहिला, यात त्या शुद्धलेखनवाल्याचा वाटा फार मोठा आहे. प्रतिभेने पेरले आणि अभ्यासाने राखण केली. राखणदाराने चार कणसे चुकीची खुडली म्हणून शेत त्याने राखलेच नाही असे कसे म्हणता येईल?

याच घरात आणखी एक हिशोब आहे. दिवाळीला सगळे घर एकत्र बसले असताना तो सांगणे मला अवश्य वाटते. १८७२ साली रिम्स्की-कोर्साकोवने नाद्येज्दा पुर्गोल्द हिच्याशी विवाह केला. ती उत्तम पियानोवादक, स्वतः रचना करणारी. आणि रीतसर शिक्षणात लग्नाच्या वेळी नवऱ्यापेक्षा पुढे. ती त्याची पहिली परीक्षक झाली, त्याच्या हस्तलिखितांतले दोष दाखवणारी झाली, सात मुलांची आई झाली. तिच्या स्वतःच्या रचना मात्र लग्नानंतर जवळजवळ थांबल्या. उपजत प्रतिभेचे गोडवे गाणाऱ्यांनी याचेही उत्तर द्यावे: स्वयंपाकघरातल्या प्रतिभेला तुमच्या पंथात काही जागा आहे का? की लाड फक्त चिरंजीवांचेच?

आता पहिल्या पक्षाकडे, म्हणजे पदवीच्या पुजाऱ्यांकडे वळतो. त्यांना वाटत असेल, की हा मास्तर आपलीच बाजू मांडतो आहे. थांबा. १८७६ साली ल्यादोव हा विलक्षण हुशार विद्यार्थी वर्गात फिरकत नाही म्हणून महाविद्यालयातून काढला गेला. तो वर्ग याच प्राध्यापकाचा. पुढे तो परत आला, आणि तिथेच शिक्षकही झाला. हुशारी हा गैरहजेरीचा दाखला होऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्राविन्स्की नावाचा कायद्याचा विद्यार्थी रचना घेऊन त्याच्याकडे आला, तेव्हा महाविद्यालयाच्या याच प्राध्यापकाने त्याला सांगितले, की महाविद्यालयात नाव घालू नकोस. बाहेरच पाया पक्का कर, मी घरी शिकवीन. आणि १९०८ साली मरेपर्यंत त्याने त्याला मुलासारखे शिकवले. त्या शिष्याने पुढे विसाव्या शतकाचे संगीत उलटेपालटे केले. एकाला वर्गातून काढणे आणि दुसऱ्याला वर्गात न घेणे, या दोन्ही गोष्टींत कसोटी एकच: हा शिकतो आहे की नाही? दाखला त्याच्या लेखी गौण होता. कसा नसेल? त्याचा स्वतःचा दाखला दोरखंड आणि शिडे यांचा होता!

आणि अशा माणसाची परीक्षा शेवटी वर्गाबाहेर झाली. २२ जानेवारी १९०५, रविवार. पीटर्सबर्गचे हजारो कामकरी अर्ज घेऊन झारच्या हिवाळी राजवाड्याकडे निघाले होते. त्यांच्यावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. शहर पेटले. महाविद्यालयातले विद्यार्थी वर्गांवर बहिष्कार घालून बसले. संचालक मंडळाने पोलिसांच्या पहाऱ्यात वर्ग चालवण्याचा हट्ट धरला. शंभराच्या आसपास मुलांना काढून टाकले. साठी ओलांडलेला, कीर्तीच्या शिखरावर असलेला, जुन्या सरदार घराण्यातला, चौतीस वर्षे प्राध्यापकी केलेला हा माणूस गप्प बसला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. त्याने वर्तमानपत्रात संचालकाला उघड पत्र लिहिले आणि विद्यार्थ्यांची बाजू घेतली. मंडळाने त्याला नोकरीवरून काढून टाकले.

मग काय झाले? ग्लाझुनोव आणि ल्यादोव यांनी राजीनामे दिले. होय, तोच ल्यादोव, ज्याला कधी काळी याच्या वर्गावरून काढले होते. तीनशेहून अधिक विद्यार्थी संस्था सोडून बाहेर पडले. विद्यार्थ्यांनी त्याचा 'अमर काश्चेई' हा लहान ऑपेरा सादर केला, तेव्हा प्रयोगानंतर भाषणे सुरू झाली आणि पोलिसांनी पडदा पाडून सभा मोडली. काही काळ त्याच्या रचना वाजवण्यावर बंदी आली. देशाच्या कानाकोपऱ्यातून त्याला पत्रे आली. आणि वर्ष संपण्याच्या सुमारास त्याला सन्मानाने परत बोलावणे भाग पडले. संचालकाच्या खुर्चीवर तेव्हा त्याचा शिष्य ग्लाझुनोव बसला होता.

त्याच वर्षी मे महिन्यात सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपान्यांनी रशियाचे आरमार बुडवले. ज्या आरमारात या घराण्याच्या पिढ्या खपल्या, ते दोन दिवसांत नाहीसे झाले. १९०६-०७ साली या म्हाताऱ्या आरमारी अधिकाऱ्याने शेवटचा, पंधरावा ऑपेरा लिहिला. पुश्किनच्या कथेवरचा 'सोन्याचा कोंबडा'. त्यातला राजा लोळत पडून राज्य करू इच्छितो, सैन्य खाईत लोटतो, आणि शेवटी कोंबड्याच्या चोचीने मरतो. कोण कोणाला टोचते आहे ते सेन्सॉरला बरोबर कळले. त्याने ओळी गाळायला सांगितले. लेखकाने नाही म्हटले. प्रयोग पाहणे नशिबी नव्हते. २१ जून १९०८ रोजी तो वारला. ऑपेरा रंगभूमीवर आला १९०९ साली, तोही सेन्सॉरने हात फिरवल्यावर.

माझा मुद्दा आता वाचकांच्या ध्यानात आला असेल. १८७१ साली 'मला येत नाही' असे ज्याला स्वतःशी म्हणता आले, त्यालाच १९०५ साली 'हे मला मान्य नाही' असे जगाला म्हणता आले. या दोन वाक्यांचे नाते फार जवळचे आहे. ज्याने आपले अज्ञान लपवून खुर्ची सांभाळली, तो खुर्चीला कायमचा बांधला जातो. कोणी बोट दाखवील या भयाने तो मोठ्यांपुढे मान तुकवतो आणि लहानांवर डोळे वटारतो. ज्याने ती विद्या खुर्चीवर बसल्यावर रात्री जागून कमावली, त्याला खुर्ची गेली तरी भय कसले? विद्या खुर्चीबरोबर जात नाही.

तेव्हा आई-बापांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाच्या हातात पेटी द्या, तबला द्या, रंग द्या, जमले तर बोटीची शिडेही द्या. पण 'तुझ्यात उपजतच आहे' हे विष त्याच्या कानात ओतू नका. आणि मुलीलाही तेच द्या, लग्नानंतरही राहील असे द्या. कवी-कादंबरीकार बंधूंना विनंती अशी, की व्याकरण, वाचन, जुने ग्रंथ यांची टवाळी करण्यापूर्वी एकदा साठ फ्यूग लिहून पाहावेत. मग खुशाल नियम मोडावेत. मोडायला तरी ते आधी हातात असावे लागतात. आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना काही सांगण्याचा मला अधिकार नाही. फक्त एक माहिती देतो. सेंट पीटर्सबर्गच्या त्या संगीत महाविद्यालयाला १९४४ पासून रिम्स्की-कोर्साकोवचे नाव आहे. त्या संस्थेत विद्यार्थी म्हणून त्याचे नाव कधीच नोंदले गेले नव्हते. तरी पात्रता नसताना आपण तिथे प्राध्यापक झालो आणि मग तिचे उत्तम विद्यार्थी झालो, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढे एक वाक्य आपल्याविषयी लिहिता यावे म्हणून निवृत्तीपूर्वी किती वह्या भराव्या लागतील, याचा हिशोब ज्याने त्याने भाऊबीज आटोपल्यावर करावा.